ख्वाजा अब्दुल हमीद : जहाज बदलणारा माणूस

१९२४ साली अलीगढच्या एका वडिलांनी पैसे उभे केले आणि रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी मुलाला इंग्लंडला रवाना केले. मुलगा इंग्लंडला गेलाच नाही. वाटेत जहाज बदलून तो जर्मनीला पोचला. या मुलाचे नाव ख्वाजा अब्दुल हमीद. अकरा वर्षांनी त्यांनी मुंबईत एक औषध कंपनी काढली. ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ असे तिचे लांबलचक नाव. त्याच्या आद्याक्षरांतून ‘सिप्ला’ झाले. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात अ‍ॅस्थालिनचा पंप असतो, तो याच कंपनीचा.

हमीद यांचे नाव आपल्याकडे अधूनमधून निघते. ‘देशाला स्वस्त औषध देणारा मुसलमान’ असा मेसेज फिरतो, दोन दिवस लोक तो पुढे ढकलतात आणि विसरून जातात. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये हे प्रकर्षाने दिसले. एकीकडे तबलिगी जमातच्या निमित्ताने भाजीविक्या मुसलमानाला गल्लीत येऊ देत नव्हते, तर दुसरीकडे भारत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या परदेशी पाठवत होता आणि त्या बनवणाऱ्या कंपन्यांत सिप्लाही होती. (पुढे ती गोळी कोरोनावर लागू पडत नाही हे सिद्ध झाले, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हेही रद्द केले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.) अशा वेळी हमीद यांचे नाव ढालीसारखे पुढे करण्याचा मोह होतो. मी तो समजू शकतो. पण ढाल करायची म्हटले की माणसाचा पुतळा होतो, आणि त्याने कोणत्या वळणावर काय पणाला लावले हे बघायचे राहून जाते. मला या माणसात रस आहे तो त्याने घेतलेल्या जोखमींमुळे.

पहिली जोखीम जहाजाच्याही आधीची आहे. हमीद यांचा जन्म १८९८ चा. अलाहाबादला ते रसायनशास्त्र शिकत होते आणि १९२० साली खिलाफत व असहकाराची हाक आली. सरकारी शाळा-कॉलेजे सोडा, असे गांधीजी आणि अलीबंधू सांगत होते. आज आपण हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. विसाव्या-बाविसाव्या वर्षी पदवी हातातोंडाशी आलेली असताना कॉलेज सोडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पहिला मुलगा कॉलेजात गेला आहे त्याला विचारावे. हमीद यांचा अलाहाबादशी संबंध तुटला आणि ते अलीगढच्या नव्या राष्ट्रीय विद्यापीठाशी, म्हणजे जामिया मिल्लियाशी, जोडले गेले. २९ ऑक्टोबर १९२० ला सुरू झालेल्या या संस्थेकडे ना इमारत होती, ना सरकारी मान्यता, ना पैसा. तिच्या पदवीवर नोकरी मिळणार नव्हती. झाकीर हुसेन याच पिढीचे. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्यावरही त्यांनी १९२६ मध्ये कर्जबाजारी जामिया सांभाळायला घेतली, आणि पुढे ते राष्ट्रपती झाले. अलीगढच्या मोठ्या घरांतल्या काही मुलांनी त्या काळात सरकारी हुद्द्यांकडे पाठ फिरवली. त्यांच्याबद्दल आपल्या मराठी पुस्तकांत फार थोडे लिहिले गेले आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हमीद गरीब घरचे नव्हते. अलीगढचे ख्वाजा हे नामांकित घराणे. गांधीजींचे सहकारी आणि पुढे जामियाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर अब्दुल मजीद ख्वाजा त्यांच्या नात्यातले. हमीद पडले असते तर झेलायला माणसे होती. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या मालेगावच्या मोमीन पोराला ‘हमीद बघ, जोखीम घे’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. हमीद यांच्या धाडसाची किंमत यामुळे कमी होत नाही, पण ते धाडस कशावर उभे होते हे कळते. या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

आता जहाजाची गोष्ट. वरवर हा तरुणपणीचा लहरीपणा वाटतो. घरच्यांना सांगितले एक आणि केले भलतेच. पण १९२४ मध्ये रसायनशास्त्र शिकायचे तर जर्मनीला पर्याय नव्हता. अ‍ॅस्पिरिन जर्मनीत तयार झाले होते. उपदंशावरचे पहिले खात्रीचे औषध, साल्वर्सान, १९१० साली जर्मनीतूनच जगभर गेले. बायर, होखस्ट, बीएएसएफ या कंपन्या रंग आणि औषधे अशा दोन्ही बाजारांत पुढे होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा हिंदुस्थानच्या कापड गिरण्यांना रंग मिळेना आणि दवाखान्यांत औषधांचा तुटवडा पडला. रसायने दुसऱ्याच्या हातात असली की देश कसा अडतो, हे हमीद यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय असहकारातून आलेल्या मुलाला लंडनमध्ये जाऊन शिकायची फार ओढ असेल असेही नाही. इंग्रजांशी फटकून असलेल्या हिंदी विद्यार्थ्यांना बर्लिन जवळचे वाटायचे. झाकीर हुसेन, आबिद हुसेन, मोहम्मद मुजीब तिथेच होते. पुढे इरावती कर्वे आणि राममनोहर लोहिया यांनीही बर्लिनमधूनच डॉक्टरेट घेतली.

जोखीम होतीच. भाषा येत नव्हती. १९२३ च्या अखेरीस जर्मन चलनाची जी अवस्था झाली होती तिच्यातून तो देश नुकता सावरत होता. वडिलांचा पैसा मोजका. पण हमीद यांनी जहाज बदलले ते आपल्याला काय शिकायचे आहे आणि ते कुठे शिकवतात हे ठाऊक असल्यामुळे. बर्लिनहून ते डॉक्टरेट घेऊन निघाले.

बर्लिनमध्ये त्यांना लुबा देरचान्स्का भेटली. ती विल्नाची. आज हे शहर लिथुआनियाची राजधानी, विल्निअस, म्हणून ओळखले जाते. तेव्हा ते पोलंडमध्ये होते आणि ज्यू विद्येचे मोठे केंद्र होते. लुबा ज्यू होती, विचारांनी डावी होती आणि बर्लिनला शिकायला आली होती. १९२८ मध्ये दोघांनी बर्लिनच्या मशिदीत लग्न केले. मुसलमान पुरुषाला अहले किताब स्त्रीशी निकाह करता येतो, तेव्हा मौलवीसाहेबांची अडचण नव्हती. समाजाची अडचण वेगळी असते, ती कुठल्याही फिकहच्या किताबात मिळत नाही. अलीगढच्या घरात परदेशी, परधर्मीय, स्वतःची ठाम मते असणारी सून, आणि विल्नाच्या ज्यू घरात हिंदुस्थानी मुसलमान जावई. आजही आपल्यापैकी किती घरांत ही बातमी शांतपणे ऐकली जाईल, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे जगाने जे वळण घेतले त्यामुळे या लग्नाला आणखी एक अर्थ आला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे झाले आणि जर्मनीत ज्यूंशी लग्न करणे हाच गुन्हा ठरला. त्याच्या एकच महिना आधी, १७ ऑगस्ट १९३५ ला, लुबाच्या नवऱ्याची कंपनी मुंबईत नोंदली गेली होती. १९३६ मध्ये त्यांचा मुलगा युसूफ जन्मला तो विल्नात, आईच्या माहेरच्या गावी. पाच वर्षांनी, १९४१ च्या उन्हाळ्यात, जर्मन फौजा त्या शहरात शिरल्या आणि जवळच्या पोनारीच्या जंगलात विल्नाच्या ज्यूंना हजारोंच्या संख्येने गोळ्या घालण्यात आल्या. युसूफ तेव्हा मुंबईत वाढत होता.

कंपनीकडे येतो. ‘औषध कंपनी काढली’ हे तीन शब्दांत सांगता येते, पण १९३५ साली त्यात वेडेपणा वाटावा इतके काही होते. देशी औषध कारखाने नव्हते असे नाही. प्रफुल्लचंद्र राय यांचे बंगाल केमिकल कलकत्त्यात होते. बडोद्यात १९०७ पासून गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी उभे केलेले अ‍ॅलेम्बिक होते. तरी डॉक्टरांचा आणि रोग्यांचा भरवसा विलायती बाटलीवर होता. खादी अंगावर घालणारा माणूससुद्धा मूल आजारी पडले की विलायती लेबल शोधायचा. यात त्याची चूक काय? कापड विरले तर नवे घेता येते. औषध फसले तर माणूस जातो. देशी औषध विकायचे म्हणजे पहिल्या बाटलीपासून परदेशी कंपन्यांच्या तोडीचे विकायचे, आणि तसे ते आहे हे कोणी मानणार नाही हे गृहीत धरून विकायचे.

हमीद यांनी या कंपनीत काय घातले ते पाहा. त्यांच्याकडे नकद फारशी नव्हती. विद्या होती. स्वतः तयार केलेली औषधांची सूत्रे आणि पेटंटे त्यांनी रॉयल्टी न घेता कंपनीला देऊन टाकली. आणि कंपनी काढली ती घरगुती पेढी म्हणून नव्हे, पब्लिक लिमिटेड म्हणून. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये. अधिकृत भांडवल म्हणजे तिजोरीतले पैसे नसतात, एवढ्याचे शेअर विकण्याची मुभा असते. लोकांनी शेअर घेतले तर पैसा, नाही घेतले तर कागद. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर २८९ क्रमांकाचा थोड्या खोल्यांचा छोटा बंगला वीस वर्षांच्या कराराने भाड्याने मिळाला, महिना ३५० रुपये. एका बाजूला नागपाड्याची मुसलमान आणि ज्यू वस्ती, दुसरीकडे रेल्वे, आजूबाजूला गिरणी कामगारांच्या चाळी. नोंदणी झाल्यापासून पहिला माल बाजारात यायला दोन वर्षे गेली. २२ सप्टेंबर १९३७ ला कंपनी रीतसर सुरू झाली.

मला ही दोन वर्षे त्या जहाजापेक्षा मोठी वाटतात. जहाज एका संध्याकाळी बदलता येते. दोन वर्षे दर महिन्याला ३५० रुपये भाडे भरत, विकायला एकही बाटली नसताना, शेअर घेतलेल्या लोकांना तोंड देत काढणे याची गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही. आपल्याकडे धाडसाच्या गोष्टी उडी मारण्याच्या क्षणी सुरू होतात आणि यशाच्या क्षणी संपतात. मधला काळ लेखकालाही कंटाळवाणा वाटतो आणि वाचकालाही.

पब्लिक लिमिटेड कंपनीचा मुद्दा मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. मुस्लिम समाज जोखीम घेत नाही, असे आपल्यातलेच शिकलेले लोक फार सहज बोलतात. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले ते नेमके उलट आहे. पगारी नोकरीत मुसलमान कमी आहेत आणि स्वयंरोजगारात इतरांपेक्षा जास्त. हातगाडी, गॅरेज, भंगार, बेकरी, शिलाई, यंत्रमाग, रिक्षा. या माणसाला महिन्याच्या एक तारखेला पगार नसतो. सुताचा भाव वाढला, पाऊस लांबला, महापालिकेची गाडी आली, दंगल झाली, की त्या दिवसाची चूल थंड. तो रोज जोखीम सोसतो. त्याच समितीने हेही दाखवले की बँकांच्या कर्जात त्याचा वाटा त्याच्या संख्येच्या मानाने तोकडा आहे. म्हणजे बुडण्याची भीती पूर्ण त्याची, वाढण्याची संधी जवळपास नाही. अशा माणसाने आपल्या मुलाला ‘बेटा, सरकारी नोकरी बघ’ म्हटले, तर तो भित्रा ठरत नाही. त्याने आयुष्यभरात पुरेशी जोखीम पाहिलेली असते.

जोखीम सोसणे आणि जोखीम घेणे यांतला फरक हमीद यांच्या कंपनीत दिसतो. त्यांनी नुकसान वाटून घेता येईल अशी व्यवस्था उभी केली. शंभर-दोनशे भागधारकांचे प्रत्येकी थोडे पैसे बुडाले तर कोणी रस्त्यावर येत नाही. एकट्याचे घर गहाण टाकून धंदा केला तर येते. हे काही त्यांनी शोधून काढले नव्हते. मुंबईचे पारशी, भाटिया, खोजा आणि बोहरा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या भागीदारी करत आले होते. इस्लामी व्यापारी परंपरेतली मुदारबा हीसुद्धा अशीच, एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत, नफ्यात दोघे आणि तोटा पैशाच्या मालकाचा. आपण व्याजाच्या हलाल-हरामवर जितके बोलतो त्याच्या चौथाई मुदारब्यावर बोललो असतो तर काही पोरांचे भले झाले असते. तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

१९३९ च्या जुलैमध्ये गांधीजी बेलासिस रोडच्या कारखान्यात येऊन गेले आणि अभ्यागतांच्या वहीत त्यांनी आनंद नोंदवला. दोन महिन्यांत युरोपात युद्ध पेटले. पहिल्या महायुद्धात झाले तेच पुन्हा झाले, बाहेरून येणारी औषधे अडली. फरक इतकाच की आता मुंबईत ती बनवू शकणारे काही लोक होते. याच काळात देशात वैज्ञानिक संशोधनाची स्वतःची यंत्रणा हवी म्हणून हमीद यांनी आराखडा मांडला होता. १९४२ मध्ये सीएसआयआर अस्तित्वात आली तिच्या घडणीत त्याचा वाटा होता. पुण्याला पाषाणमध्ये १९५० च्या जानेवारीत सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे त्याच यंत्रणेचे अपत्य.

मग १९४७ आले. हमीद यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी जोखीम माझ्या मते ही. ती त्यांनी कुठेही न जाता घेतली.

त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि दिल्लीच्या मुस्लिम व्यापारी घराण्यांपुढे सरळ हिशेब होता. पाकिस्तानात कारखाने नव्हते, बँका नव्हत्या, स्पर्धा नव्हती. जो पहिला जाईल त्याला मोकळे मैदान. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेली हबीब बँक १९४७ मध्ये कराचीला गेली. आदमजी, इस्फहानी गेले. मुंबईतले कितीतरी मेमन आणि खोजा व्यापारी गेले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दंगलींच्या सावलीत, मुलाबाळांकडे बघून माणूस निर्णय घेतो आणि त्याच्या जागी आपण नव्हतो. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याचे उदाहरण तर एका घरातलेच आहे. थोरले भाऊ हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, धाकटे हकीम मोहम्मद सईद १९४८ मध्ये कराचीला गेले. दोघांनी आपापल्या देशात हमदर्द मोठी केली. सईद यांचा पुढे कराचीत खून झाला. कोणता भाऊ जास्त धाडसी, हे मला ठरवता येत नाही.

हमीद फाळणीच्या विरोधात होते आणि मुंबईतच राहिले. बारा वर्षांची कंपनी होती, ज्यू बायको होती, वाढती मुले होती. इथे राहणाऱ्या मुसलमानाला तेव्हा रोज प्रश्न विचारला जात होता, आणि ज्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे गेले त्यांच्या मालमत्तेवर निर्वासित मालमत्तेच्या कायद्याची टांगती तलवार होती. अशा काळात राहायचे ठरवणे म्हणजे ‘काही केले नाही’ असे आपल्याला वाटते. गेलेल्यांच्या गोष्टी असतात, राहिलेल्यांच्या नसतात. महाराष्ट्रातले लाखो मुसलमान असेच राहिले. कोकणातला शेतकरी, मराठवाड्यातला कारागीर, सोलापूरचा विणकर. त्यांच्यापैकी बहुतेकांपुढे जाण्याचा पर्यायच नव्हता हे खरे, पण ज्यांच्यापुढे होता आणि तरी जे राहिले त्यांच्यात हमीद येतात. ते मुंबईच्या विधान परिषदेवर होते आणि शहराचे शेरीफही झाले.

स्वातंत्र्यानंतरची लढाई कागदावरची होती, आणि म्हणूनच ती कमी लोकांना माहीत आहे. देशात १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. त्यात औषधावर सोळा वर्षांचे पेटंट मिळायचे. उदाहरण घरचे घेऊ. समजा कोणी शीरखुर्म्यावर पेटंट घेतले. तुम्ही दूध वेगळ्या पद्धतीने आटवले, शेवया वेगळ्या भाजल्या, खारीक-बदाम वेगळ्या क्रमाने टाकले, तरी सोळा वर्षे तुमच्या घरी शीरखुर्मा होणार नाही. पदार्थच त्याचा. याऐवजी कायदा असा असता की कृती त्याची, पदार्थ सर्वांचा, तर तुम्ही आपल्या पद्धतीने करून ईदला वाटू शकला असता. देशी रसायनतज्ज्ञांना औषधाची नवी कृती शोधणे जमत होते. कायदा आडवा येत होता.

१९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने अहवाल दिला. भारतातली दहापैकी आठ-नऊ पेटंटे परदेशी मालकांची होती आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त इथे वापरातच आणली जात नव्हती. म्हणजे औषध बनवायचे नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायचे नाही. त्याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे आले की भारतासारख्या गरीब देशात काही औषधांचे भाव जगातल्या सर्वात चढ्या भावांत मोडतात. १९६१ मध्ये देशी औषध उत्पादकांची संघटना स्थापन झाली. हमीद तिच्या उभारणीत होते आणि पेटंट कायदा बदलणे ही तिची मुख्य मागणी होती. बड्या परदेशी कंपन्यांशी वैर घेणे औषधधंद्यात परवडणारे नव्हते. त्यांच्याच एजन्सीवर, त्यांच्याच कच्च्या मालावर किती देशी धंदे चालत.

कायदा झाला १९७० मध्ये. औषधांवरचे पदार्थाचे पेटंट गेले, फक्त कृतीचे राहिले, तेही जास्तीत जास्त सात वर्षांचे. तो अमलात आला २० एप्रिल १९७२ ला. ख्वाजा अब्दुल हमीद २३ जून १९७२ ला वारले. या कायद्याखाली त्यांना दोन महिने मिळाले.

युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १९६० मध्ये परतले होते. संचालकाचा मुलगा म्हणून त्यांचा पगार सरकारी परवानगीत अडकला आणि पहिले वर्ष त्यांनी बिनपगारी काम केले. वडिलांनी मिळवून दिलेला कायदा मुलाने कसा वापरला, हे जगाने २००१ मध्ये पाहिले. एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेत माणसे औषध असून मरत होती. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत युसूफ हमीद यांना बोलायला मोजकी मिनिटे मिळाली. त्यांनी ८०० डॉलरचा भाव सांगितला, गरीब देशांना तंत्रज्ञान फुकट देऊ म्हणाले. समोरच्यांनी ऐकून घेतले. कोणीही मागणी नोंदवली नाही.

पुढचे चार-पाच महिने तसेच गेले. औषध तयार, गिऱ्हाईक नाही, आणि बड्या कंपन्यांकडून ‘चाचे’ अशी संभावना. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला ३५० डॉलरचा भाव दिला, दिवसाला एका डॉलरहून कमी. ही बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली तेव्हा वातावरण पालटले. यात धंदा नव्हता असे म्हणणारा भोळा आहे. सिप्ला ही नफ्यावर चालणारी कंपनी आहे, देशातल्या औषधांच्या किमतींवरून तिचे सरकारशी वर्षानुवर्षे कोर्टात खटले चालले आहेत. पण तेव्हा हा भाव सांगणारे दुसरे कोणी पुढे आले नव्हते, आणि हात पोळण्याची शक्यता भरपूर होती.

दक्षिण आफ्रिकेत मंडेलांच्या सरकारने स्वस्त औषधे आणता यावीत असा कायदा केला होता. त्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या प्रिटोरियाच्या कोर्टात गेल्या होत्या. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. त्याच वर्षी तिन्ही औषधे एका गोळीत घातलेली ट्रायोम्यून सिप्लाने बाजारात आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक.